संगणक मध्येच बंद का पडतो?

समजा, शाळेतल्या संगणकावर तुम्ही चित्र रंगवत आहात. एकाएकी पडदा काळा होतो आणि यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. तासाभराचे काम वाया! "व्हायरस शिरला," असे एकजण म्हणतो. "जुना झाला, मोडीत काढा," असे दुसरा म्हणतो. पण यंत्र धडधाकट असून त्याची केवळ उपासमार होत असेल तर?

जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी परभणी जिल्ह्यात येते. वरच्या सर्वांनी एकदम पाणी घेतले, की टोकाच्या शेताला कमी पोचते. विजेचेही काहीसे असेच आहे. रब्बीत शिवारातले पंप एकदम सुरू झाले, की तारांतून जास्त प्रवाह वाहतो. तारेच्या रोधामुळे काही दाब वाटेतच खर्च होतो. टोकाच्या घरात २३० व्होल्टपेक्षा बराच कमी दाब मिळतो, पंखा मंदावतो.

हाच प्रकार संगणकाच्या आतही घडतो. तेथे पॉवर सप्लाय नावाची एक लहान पेटी असते. ती २३० व्होल्टच्या विजेपासून १२, ५ आणि ३.३ व्होल्टचा पुरवठा तयार करते. यात साधारण ५ टक्के फरक चालतो. म्हणजे १२ व्होल्टचा दाब ११.४ च्या खाली जाता कामा नये.

आता हिशेब करा. प्रोसेसर ९५ वॅट, ग्राफिक्स कार्ड १५० वॅट, इतर भाग ६० वॅट. एकूण ३०५ वॅट. पेटी मात्र २५० वॅटची! पत्र टाइप करताना हे भाग थोडीच वीज घेतात, म्हणून काही बिघडत नाही. सगळे एकदम जोराने कामाला लागले, की दाब कोसळतो आणि यंत्र थांबते. तेव्हा संगणक सुरू होतो, एवढ्यावरून पुरवठा पुरेसा आहे असे समजू नका.

मग दोष शोधायचा कसा?

१. वहीत नोंद ठेवा: किती वाजता बंद पडला? काय चालू होते? पंखा मंद होता का?

२. पंप चालू असतानाच बंद पडत असेल, तर दोष बहुधा बाहेरच्या पुरवठ्यात आहे.

३. वेळ कोणतीही असो, जड कामातच थांबत असेल, तर आधी धूळ काढून घ्या आणि तापमान पाहा. परभणीच्या उन्हाळ्यात उष्णतेनेही यंत्र थांबू शकते.

४. तापमान ठीक असेल, तर शिक्षकांकडून जास्त वॅटची, चांगली चालणारी पेटी बसवून घ्या आणि तेच काम पुन्हा करा. यंत्र थांबले नाही, तर चोर सापडला! थांबलेच, तर जुनी पेटी परत बसवा आणि मेमरी तपासा. एका वेळी एकच गोष्ट बदला. नाहीतर दोष कशात होता ते कळणार नाही.

सावधान! पॉवर सप्लायची पेटी कधीही उघडू नका. तिच्यातील धारित्रावर सुमारे ३२५ व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो.

जाता जाता एक उदाहरण सोडवा. २३० वॅट ओढणारा संगणक २३० व्होल्टवर ढोबळमानाने १ अँपिअर प्रवाह घेतो. दाब १८० व्होल्ट झाला, तर तेवढ्याच वॅटसाठी त्याला किती प्रवाह घ्यावा लागेल? आणि मग कमी दाबात पेटी जास्त का तापते?