चारमिनार रुपयाची चांदी आणि किंमत

प्रश्न : परभणी जिल्ह्यातील घरातल्या जुन्या पेटीत चारमिनारचे चित्र असलेली चकचकीत नाणी निघाली आहेत. ती अस्सल चांदीची कशी ओळखावीत?

उत्तर : 1948पर्यंत परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्याने येथे हाली सिक्का, म्हणजे संस्थानचे स्वतःचे चलन, सर्रास चाले. सहा इंग्रजी रुपयांना सात हाली रुपये, असा त्याचा भाव होता. चारमिनारच्या कमानीत अरबी लिपीतील ‘ऐन’ हे अक्षर असेल, तर नाणे शेवटचे निजाम मीर उस्मान अलीखान यांच्या काळातील समजावे. अशा रुपयाचे प्रमाणित वजन 11.178 ग्रॅम आणि शुद्धता, म्हणजे शंभर भागांतील चांदी, 81.8 टक्के असल्याने त्यात सुमारे 9.14 ग्रॅम चांदी भरते. याउलट 1947 चा ब्रिटिश रुपया तितकाच चकाकत असला तरी निकेलचा असल्याने चुंबकाला चिकटतो. चकाकीवरून धातू ठरवणे हा भाबडेपणाच होय. संग्राहक मात्र केवळ धातूवरून नव्हे, तर वर्ष, दुर्मिळता आणि झीज पाहून किंमत करतात. म्हणून चिंच किंवा पावडर लावून नाणी घासू नयेत, कारण घासल्याने त्यांचे मोल घटते.