सूर्याचा गोंगाट

सन १९४२ चा फेब्रुवारी महिना. दुसरे महायुद्ध ऐन भरात आले होते. शत्रूच्या विमानांचा सुगावा घेण्यासाठी इंग्लंडमध्ये रडारयंत्रे अहोरात्र पहारा करीत होती. महिनाअखेरीस त्यांतील अनेक यंत्रे एकाएकी गोंगाटाने भरून गेली. हे शत्रूचेच कारस्थान असावे, अशी शंका अधिकाऱ्यांना आली. परंतु ‘हे’ आडनावाच्या एका इंग्रज शास्त्रज्ञाने निरनिराळ्या ठाण्यांवरील नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा गोंगाटाची दिशा सूर्याबरोबर सरकत असल्याचे दिसून आले. त्याच वेळी सूर्यबिंबावर डागांचा एक मोठा समूह होता. हा गोंगाट शत्रूचा नव्हता, सूर्याचा होता!

पुढे ऑस्ट्रेलियात पॉल वाइल्ड व त्यांचे सहकारी यांनी सूर्यावरील अशा रेडिओ-उद्रेकांचा कसून अभ्यास केला आणि १९५० साली त्यांचे प्रकार वर्णन केले. काही उद्रेक काही सेकंदांतच विरत, काही कित्येक मिनिटे टिकत. तासन्‌तास चालणारे उद्रेकही आढळले. सूर्य एकच, मग हा भेद का?

सूर्याभोवती अतितप्त वायूचे वेष्टन आहे. त्याला प्रभामंडल म्हणतात. सूर्यापासून दूर जावे तसतसा हा वायू विरळ होत जातो. दाट थर डिवचला गेला, की त्यातून जलद कंपनांच्या रेडिओलहरी निघतात. विरळ थरातून मंद कंपनांच्या.

एखाद्या गडाच्या प्रत्येक दरवाजाशी एक घंटा टांगली आहे, खालची उंच स्वराची व वरची खर्जाची, अशी कल्पना करावी. दौडत जाणारा जासूद सर्व घंटा झटपट वाजवून जाईल. ओझे वाहणारा हमाल त्याच घंटा वाजविण्यास फार वेळ घेईल. दोन दरवाजांमध्ये कोंडलेला मनुष्य मात्र सुटका होईपर्यंत फेऱ्या घालीत घंटा वाजवीत राहील. पायथ्याशी बसलेल्याला यांपैकी कोणी दिसले नाही, तरी नुसत्या नादावरून तो त्यांना ओळखील.

सूर्यावर जासुदाचे काम इलेक्ट्रॉनांचे झोत करतात. ते सेकंदास सुमारे एक लाख किलोमीटर वेगाने धावतात; म्हणून त्यांचा उद्रेक सेकंदांत संपतो. आघातलहरी सेकंदास सुमारे हजार किलोमीटर जातात. त्यांना मिनिटे लागतात. आणि चुंबकीय कमानींत अडकलेले इलेक्ट्रॉन तासन्‌तास लहरी सोडीत राहतात. सारांश, उद्रेकाचा कालावधी प्रवाशाच्या वेगावर आणि त्याला वाट मोकळी आहे की नाही, यावर अवलंबून असतो.

हे ज्ञान केवळ कुतूहलाचे नाही. आघातलहरीमागून पुष्कळदा वायूचा प्रचंड लोट येतो. तो पृथ्वीकडे वळल्यास एकदोन दिवसांत येथे पोहोचून संदेशवहन व वीजपुरवठा विस्कळीत करू शकतो. रेडिओलहरी मात्र सव्वाआठ मिनिटांतच येऊन वर्दी देतात. ज्या गोंगाटाने एके काळी पहारेकऱ्यांना गोंधळात टाकले, तोच आज मानवासाठी पहारा करीत आहे.