नवी वनस्पती आणि वैद्याचे कर्तव्य

मलबारच्या वनस्पतींचे वर्णन करणारा ‘होर्टस मलबारिकस’ हा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात बारा खंडांत प्रसिद्ध झाला. त्यामागे इट्टी अच्युतन यांच्यासारख्या वैद्यांचे ज्ञान होते. १७५३ मध्ये लिनियसने अनेक जातींना नावे देताना त्यातील चित्रांचा आधार घेतला. आज नव्या जातीच्या वर्णनासाठी सर्वसाधारणपणे जपून ठेवलेला प्रमाण नमुना आवश्यक असतो. केवळ नाव किती फसवे, हे ‘रास्ना’ म्हणून प्रांतोप्रांती वापरल्या जाणाऱ्या भिन्न वनस्पतींवरून आपण जाणतोच. म्हणून अनोळखी वनस्पती आढळल्यास ती समूळ न उपटता फुलाफळांसह फांदी दाबून वाळवावी आणि स्थळ, दिनांक व स्थानिक नाव नोंदवून तुलनेसाठी वनस्पतिसंग्रहाकडे पाठवावी, अशी आमची वैद्यबंधुभगिनींना विनंती आहे.