दवाखान्याची तक्रार आणि पोच

दवाखान्याबद्दलच्या तक्रारी आपल्या वस्तीत पुष्कळ ऐकू येतात. पण त्या ओट्यावर होतात, कागदावर होत नाहीत. आम्ही बँकेतली माणसे. तोंडी सांगण्याची नोंद कोठेच राहत नाही, हे आम्ही रोज पाहतो. आजारपणापायी डागिने गहाण टाकायला आलेल्या माणसाला बिल कशाचे झाले हे विचारले तर तो गप्प होतो. विचारायचे असते हेच त्याला कोणी सांगितलेले नसते.

म्हणून प्रथम कागद मागावेत. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागणी केल्यावर डॉक्टरांनी ७२ तासांत कागदपत्रे द्यावयाची असतात. अर्ज साधा असावा : रुग्णाचे नाव, दाखल केल्याची तारीख, आणि ‘केसपेपर, तपासण्यांचे अहवाल व तपशीलवार बिल यांच्या प्रती मिळाव्यात’ एवढेच. रागाचे शब्द नकोत. अर्जाच्या दोन प्रती कराव्यात व आपल्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घ्यावी. शिक्का मारीत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी. पुष्कळदा एवढ्यानेच दवाखान्याची भाषा बदलते, आणि काही वेळा डॉक्टरांची चूक नव्हती हेही कळते.

पैशांअभावी अडलेल्यांनी एक लक्षात ठेवावे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांना मोफत व १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यावयाच्या आहेत. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड घेऊन तेथील समाजसेवा अधिकाऱ्यास भेटावे. नकार मिळाल्यास धर्मादाय आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार करावी.

उपचारांत हयगय झाली असेल तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ठरविले. वकील सक्तीचा नाही. उपचारासाठी भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. मात्र जेथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात, त्या सरकारी दवाखान्याविरुद्ध ही वाट नाही. तेथे वैद्यकीय अधीक्षकांकडे, पुढे जिल्हा शल्यचिकित्सकांकडे अर्ज द्यावा. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची असते. घरात दुःख असताना ती भराभर सरते, तेव्हा निदान कागद मागण्याचा अर्ज तरी पहिल्याच महिन्यात द्यावा.