गाय चरून आली, पण तिला क्षार मिळाले का?

ताईंनो, आपल्या बोरी अरब भागात बहुतेक गाई दिवसभर चरायला जातात. संध्याकाळी घरी आल्या की कुटार, कडबा आणि जमलं तर थोडी सरकीची ढेप. पोट भरतं, पण क्षार पुरत नाहीत. पावसाळा सरून गवत वाळलं की त्यातलं फॉस्फरस फार कमी होतं. ढेपेत फॉस्फरस असतं, पण कॅल्शियम कमी.

एक लिटर दुधातून सुमारे 1.2 ग्रॅम कॅल्शियम बाहेर जातं. चाऱ्यातून ते मिळालं नाही, तर गाय आपल्या हाडांतून देते आणि खंगत जाते.

कसं ओळखायचं?
• गाय हाडं, चप्पल, कपडे चघळते, माती चाटते.
• वेळेवर माजावर येत नाही किंवा भरवल्यावर उलटते.

हाडं चघळणं हसण्यावारी नेऊ नका. मेलेल्या जनावराच्या हाडामासातल्या विषानं गाय लुळी पडून दगावू शकते. आणि गाय उलटली की पुढचा माज साधारण 21 दिवसांनी. तेवढे दिवस चारा चालू, दूध मात्र लांबलं!

काय करायचं?
1. आधी डॉक्टरांना विचारून जंताचं औषध पाजा. पोटात जंत असतील तर खनिज मिश्रण अंगी लागत नाही.
2. दुभत्या गाईला रोज साधारण 50 ग्रॅम आणि वासराला 20 ग्रॅम मिश्रण ओल्या ढेपेत कालवून द्या. पाकिटावरचं प्रमाण वाचा.
3. मीठ वेगळं द्या, रोज 30 ग्रॅम. पाणी भरपूर पाजा.
4. पाकीट घेताना आयएसआय खूण आणि तारीख बघा. घरी कोरड्या जागी ठेवा.

दोन दिवस देऊन फरक दिसत नाही. दोन-तीन महिने नेमानं द्यावं लागतं. हे औषध नाही आणि चाऱ्याची जागाही घेत नाही. तीनदा उलटलेली गाय पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासूनच घ्या.

गटाचा हिशोब: एका गाईला महिन्याला दीड किलो, दहा जणींच्या दहा गाईंना 15 किलो. सुटी पाकिटं घेण्यापेक्षा मोठी पिशवी एकत्र घेऊन वाटून घ्या.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं सांगा: तुमची गाय शेवटची कधी व्याली, आणि त्यानंतर माजावर कधी आली? दोन्ही तारखा गटाच्या वहीत लिहा. कोणाच्या गाईकडे आधी लक्ष द्यायचं, ते वहीच सांगेल.