शब्दबोध : ‘आयडल’ म्हणजे आळशी काय?



मत्तयाच्या २० व्या अध्यायांतील द्राक्षमळ्याच्या दाखल्यावर उपदेश करितांना बाजारांत उभ्या असलेल्या मजुरांस आळशी म्हणण्याची चूक पुष्कळदां होते. आम्हीही ती केली आहे. १६११ सालच्या इंग्रजी शास्त्रांत येथें ‘आयडल’ हा शब्द आहे.

ह्या शब्दाचा मूळ अर्थ ‘रिकामा’. सुमारें हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजी भाषांतरांत उत्पत्तीच्या आरंभींच्या शून्य पृथ्वीसही हेंच विशेषण लाविलें आहे. आपल्या भाषेंतही हंडा रिकामा व मनुष्यही रिकामा. ग्रीक शब्द ‘आर्गोस’, म्हणजे कामावांचूनचा. पुढें इंग्रजींत ‘आळशी’ हा अर्थही त्यास चिकटला, तरी आळशास ‘लेझी’ हा निराळा शब्द आहे. सुरू असून गाडी ओढीत नसलेल्या इंजिनासही ‘आयडल’ म्हणतात. इंजिनास आळस कोठला?

आतां दाखला पाहा. अकराव्या ताशीं धन्यानें विचारिलें, तेव्हां मजुरांचें उत्तर एवढेंच कीं, आम्हांस कोणी कामास लाविलें नाहीं. धन्यानें त्यांस दोष न देतां काम दिलें.

मात्र मत्तय १२:३६ मध्यें हाच शब्द बोलण्यास लाविला आहे. तेथें पोकळ, निरर्थक बोलणें असा अर्थ असून त्याचा हिशेब न्यायाच्या दिवशीं द्यावयाचा आहे.

म्हणून उपदेशकहो, उन्हाळ्यांत पारावर बसलेल्या मजुरास आळशी म्हणण्यापूर्वीं, “बाबा, तुला कोणी काम दिलें काय?” असें विचारा. नाहीं तर रिकामा तो असेल, परंतु रिकामा शब्द आमचा ठरेल, आणि हिशेबही आम्हांसच द्यावा लागेल.