नव्या गाडीचा रंग इतका कच्चा कसा?

प्रश्न : माझी गाडी आठ महिन्यांची आहे, रंग गडद निळा. दिवाळीत समृद्धी महामार्गाने शिर्डीला जाऊन आलो, तर बॉनेटवर आणि पुढच्या बंपरवर ठिपकेच ठिपके. शिवाय उन्हात उभी केली की सगळ्या अंगावर बारीक गोल गोल ओरखडे दिसतात. बाबांची अँबॅसेडर वीस वर्षं आमच्या अंगणात होती, तिला असं काही झाल्याचं आठवत नाही. मिस्त्री म्हणतो, आजकाल पाण्याचे रंग येतात, ते टिकत नाहीत. शोरूमवाले म्हणतात, सिरॅमिक कोटिंग करून घ्या, काही होणार नाही. कोणाचं खरं मानायचं?
– एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : दोघांचंही अर्धंमुर्धंच खरं आहे. तुमच्या गाडीला दोन वेगवेगळ्या गोष्टी झाल्या आहेत. बॉनेटवरचे ठिपके म्हणजे टवके, ते रस्त्याने काढले. उन्हात दिसणारे ओरखडे मात्र बहुतेक गाडी पुसताना पडलेत, म्हणजे घरच्या घरी. दोन्हींची कारणं वेगळी, उपाय वेगळे, आणि शोरूमवाले जे विकायला बसलेत ते यातल्या एकावरच, तेही थोडंफार चालतं.

आधी रंग म्हणजे नेमकं काय ते पाहू. कारखान्यात पत्र्यावर फॉस्फेटची प्रक्रिया होते. मग अख्खी बॉडी हौदात बुडवून विजेच्या प्रवाहाने गंजरोधक थर चढवतात, साधारण २० मायक्रॉनचा. त्यावर ३०-३५ मायक्रॉन प्रायमर, मग १५ मायक्रॉनच्या आसपास खरा रंग आणि सर्वांत वर ४० मायक्रॉनच्या आगेमागे पारदर्शक क्लिअर कोट. ज्या निळ्यासाठी घरात आठवडाभर चर्चा झाली असेल, तो या सगळ्यांत पातळ! एकूण जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी. वजन आणि खर्च वाचवायला कंपन्या ती काटेकोर ठेवतात, आणि काही कारखान्यांत तर प्रायमर वेगळा भाजण्याची पायरीही गाळतात. तेव्हा रंग पातळ असतो ही तक्रार खोटी नाही.

पाण्याच्या रंगाचं म्हणाल, तर पाणी येतं ते मुख्यतः मधल्या रंगाच्या थरात. विषारी वाफा कमी व्हाव्यात म्हणून तिथलं बरंचसं थिनर काढून पाणी आणलं, आणि भट्टीत ते उडून जातं. आपला हात लागतो, फडकं लागतं ते क्लिअर कोटला. ओरखड्यांचा दोष पाण्याला देण्यात अर्थ नाही.

बाबांच्या अँबॅसेडरची आठवण मात्र जरा तपासून घ्या. त्या काळच्या गाड्यांना वेगळा क्लिअर कोट नसे, रंगच वरपर्यंत एकसंध. पॉलिश केलं की फडक्याला रंग लागायचा आणि गाडी पुन्हा चकचकीत. शिवाय अशा गाड्या मधूनमधून गॅरेजात जाऊन 'ड्युको' मारून येत. ड्युपाँट कंपनीचं हे १९२०च्या दशकातलं नाव अजून आपल्याकडच्या पेंटरांच्या तोंडी आहे. दर वेळी थर वाढायचा. आणि मुख्य म्हणजे अँबॅसेडर शिर्डीला १२०च्या वेगाने जात नव्हती.

टवक्यांचं मूळ इथेच आहे. नागपूर ते शिर्डी हा समृद्धीचा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ला खुला झाला आणि मोटारींना १२० किलोमीटरची वेगमर्यादा मिळाली. आदळणाऱ्या खड्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे ६०च्या वेगाने नुसता 'टक' आवाज करून जाणारा खडा १२०ला चौपट जोराने बसतो. ट्रकच्या मागच्या जोडचाकांत अडकलेली गिट्टी सुटते, डंपरमधून चुरी सांडते, आणि आपण नेमके त्याच्या ढुंगणाला चिकटून ओव्हरटेकची वाट बघत असतो. ज्या शहरात गिट्टीखदान नावाची वस्ती आहे, तिथल्या माणसाला हे मी काय सांगणार! तेवढं अंतर वाढवलंत तर निम्मे टवके टळतील, आणि त्याला एक रुपया लागत नाही.

आता ओरखडे. सकाळी इमारतीखाली गाड्या पुसायला येणाऱ्या भाऊंचं काम एकदा जवळून बघा. एक बादली, एक फडकं. नऊच्या आत सगळ्या गाड्या उरकायच्या असतात, त्यामुळे फडकं आधी चाकावरून, मग दारावरून आणि शेवटी बॉनेटवरून फिरतं. बादलीच्या तळाशी बोटभर गाळ असतो आणि फडकं त्यातच पिळलं जातं. दोष त्यांचा नाही. त्या पैशांत आपण तेवढंच काम मागतो. नागपूरच्या धुळीत मुरूम आहे, सिमेंट रस्त्यांची पूड आहे, कोराडी-खापरखेड्याच्या बाजूला विजेच्या कारखान्यांची राखही आहे. त्या राखेत प्रामुख्याने सिलिका आणि अ‍ॅल्युमिना असतं. वाळूचा कण तर काचेवरही चरा पाडतो, क्लिअर कोटची काय कथा! त्यातून एप्रिल-मेमध्ये तापलेलं बॉनेट पुसायला घेतलं, तर क्लिअर कोट उष्णतेने जरासा मऊही पडलेला असतो. पिवळ्या दोऱ्यांच्या झाडणीने 'फक्त धूळच झटकतो' म्हणणारे याच पंगतीतले.

हे ओरखडे गोल दिसतात म्हणून हात गोल फिरवल्यानेच पडले, असं समजू नका. ते सगळ्या दिशांना असतात. सूर्याच्या किंवा दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती जे ओरखडे नेमक्या आडव्या कोनात येतात तेवढेच चमकतात, म्हणून गोल जाळं दिसतं. तुम्ही सरकलात की जाळंही सरकतं.

उपाय साधा आहे, फक्त कंटाळवाणा. आधी नुसत्या पाण्याने धूळ सुटू द्या, मग कार शाम्पू. भांड्यांची पावडर नको. एक बादली साबणाची, दुसरी फडकं खळबळायची. चाकांचं फडकं वेगळं. वरून खाली या, सावलीत या, आणि मायक्रोफायबरने टिपून घ्या. बोअरचं पाणी असेल तर टिपणं चुकवू नका, क्षारांचे पांढरे डाग उन्हात भाजून बसतात. रोज कोरडं पुसण्यापेक्षा आठवड्यातून एकदा नीट धुतलेली गाडी जास्त दिवस नवी राहते. शेजारी आळशी म्हणतील, म्हणू द्या.

पडलेले ओरखडे पॉलिशने जातात, पण पॉलिश म्हणजे क्लिअर कोट घासून ओरखड्याच्या तळापर्यंत उतरवणं. मुळात ४० मायक्रॉन, त्यातले दर वेळी थोडे जातात. म्हणून प्रत्येक सर्व्हिसिंगला 'रबिंग-पॉलिश करून देऊ का साहेब' याला हो म्हणू नका. टूथपेस्टचा घरगुती इलाजही हाच, हलकं घासणं. कोणता ओरखडा जाईल हे ओळखायला त्यावर पाणी लावा. ओला असताना दिसेनासा झाला तर तो वरच्याच थरात आहे. नख अडकत असेल तर पॉलिशचा उपयोग नाही.

सिरॅमिक कोटिंगच्या जाहिरातीत '९ एच' लिहिलेलं असतं आणि गिऱ्हाइकाला वाटतं, हिऱ्याच्या खालोखाल काहीतरी. ही मोजणी शिसपेन्सिलींची आहे. एचबी, २ एच अशा पेन्सिली ठरावीक दाबाने रंगावर ओढून बघतात, त्यातली सगळ्यात कडक पेन्सिल ९ एच. कोटिंगची जाडी एखाद-दोन मायक्रॉन. पाणी घरंगळतं, धूळ कमी चिकटते, पक्ष्यांची शीट लवकर निघते, हे फायदे खरे आहेत. गिट्टीपुढे मात्र त्याचा टिकाव लागत नाही. टवक्यांवर खरा उपाय पीपीएफ, म्हणजे पॉलियुरेथेनची १५० ते २०० मायक्रॉन जाड पारदर्शक फिल्म. म्हणजे गाडीच्या सगळ्या रंगापेक्षाही जाड. चांगल्या फिल्मवरचे बारीक चरे उष्णतेने आपोआप भरून येतात. नागपूरच्या उन्हाचा एवढा एक तरी फायदा! पूर्ण गाडीला खर्च लाखाच्या घरात जातो, तो मला वायफळ वाटतो. महामार्गावर नेहमी जात असाल तर बॉनेटचा पुढचा भाग, बंपर आणि आरशांच्या पाठी एवढ्यावरच लावून घ्या.

आता जे टवके पडलेत त्यांचं. जवळून पाहा. राखाडी दिसत असेल तर प्रायमर किंवा गंजरोधक थर शाबूत आहे, घाई नाही. चकाकतं ते लोखंड, आणि तपकिरी म्हणजे गंज धरला. बंपर प्लास्टिकचा आहे, तो गंजत नाही, त्यामुळे त्याची काळजी फक्त दिसण्यापुरती. बॉनेटच्या कडेचे टवके पावसाळ्याआधी बुजवाच. दाराच्या खांबावरच्या किंवा इंजिनाजवळच्या स्टिकरवर रंगाचा कोड असतो, तो सांगून टच-अपची बाटली घ्या. गंज असेल तर बारीक पाणीपेपरने खरवडून काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. बाटलीतला ब्रश जाडा असतो, त्याऐवजी टूथपिकच्या टोकाने थेंब खड्ड्यात सोडा, बाहेर पसरू देऊ नका. वाळला की तो खाली बसतो, मग दुसरा, तिसरा, शेवटी क्लिअर कोटचा. जुलैच्या दमट हवेत लॅकर पांढुरकं पडतं, मे महिन्यात थेंब पसरायच्या आत वाळतो. नागपुरात याला ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. जवळून डाग दिसेल, चार हातांवरून नाही.

प्रश्न : इतवारीत गाडी उभी होती, कुणीतरी दारावर लांबलचक चरा ओढून गेला. गॅरेजवाल्याने रंगाचे ८,००० सांगितले. इन्शुरन्समधून करू का?
– एक वाचक, नंदनवन

उत्तर : कागदावर हिशेब मांडून बघा. साध्या पॉलिसीत रंगाच्या बिलाचा २५ टक्के भाग सामानाचा धरतात आणि त्यावर ५० टक्के घसारा कापतात, म्हणजे २,०००पैकी १,००० गेले. १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची वजावट १,००० रुपये. हातात ६,०००. आता दुसरी बाजू. समजा नो क्लेम बोनस सध्या २५ टक्के आहे आणि नुकसानभरपाईच्या भागाचा मूळ हप्ता १२,०००. क्लेम न करता पुढच्या वर्षी ३५ टक्के सूट मिळून ७,८०० भरले असते, क्लेम केल्यावर पूर्ण १२,०००. त्याच्या पुढच्या वर्षी ४५ टक्क्यांऐवजी २० टक्के, म्हणजे ६,६००ऐवजी ९,६००. दोन वर्षांत ७,२०० जास्त गेले. एका दारासाठी क्लेम करू नका. बोनस सांभाळणारी जोड पॉलिसी घेतली असेल तर गणित बदलतं, ती अट वाचून घ्या.

गॅरेज निवडताना एवढं बघा : कारखान्यात क्लिअर कोट १४० अंशांच्या आसपास भाजतात. तयार गाडीत वायरिंग, रबर, प्लास्टिक असल्याने गॅरेजच्या बूथमध्ये ६०-८० अंशांच्या वर जाता येत नाही. तिथे कडकपणा येतो तो हार्डनरमुळे, आणि त्याचं माप डोळ्यांच्या अंदाजाने घेणारा पेंटर टाळलेला बरा. चंदेरी आणि मोतिया रंग एकट्या दाराला जुळत नाहीत, शेजारच्या पत्र्यावर थोडा फेड करत न्यावा लागतो, हे आधीच बोलून घ्या. गाडी ताब्यात घेताना दारात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा. रेघ सरळ हवी. ती थरथरत असेल तर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा झालाय. पेंटर यालाही ऑरेंज पीलच म्हणतात, निदान नागपुरात तरी ते समजावून सांगावं लागणार नाही.

प्रश्न : उघड्यावर पार्किंग आहे. गाडीला कव्हर घालणं चांगलं ना?
– एक वाचक, कामठी

उत्तर : धुतलेल्या गाडीला, महिनाभर गावाला जाणार असाल तर, हो. रोज संध्याकाळी धुळीच्या गाडीवर कव्हर ओढायचं आणि सकाळी खेचून काढायचं असेल, तर नको. वारा सुटला की आतली धूळ आणि कापड मिळून रात्रभर रंग घासत राहतात. नुकताच रंग मारला असेल तर महिनाभर कव्हरही नको आणि व्हॅक्सही नको. कडुलिंबाखालची जागा मिळत असेल तर ती घ्या, पण वर कावळ्यांचं घरटं नाही ना ते आधी पाहून.